वाळूतली वाम

माझे बालपण कळंबला, घोड नदीच्या काठी गेले. त्यामुळे वाम प्रथम भेटली ती कालवणात. पुण्यातील दुकानदाराने तीच मला ‘स्पायनी ईल’ म्हणून विकली, तेव्हा माझ्यातील भाषाभ्यासक सुखावला. कोकणात समुद्रातल्या माशालाही वामच म्हणतात. पण तो जातीने खरा ईल, आणि ही पाठीवर काट्यांची रांग मिरवणारी नदीची वाम केवळ त्याच्यासारखी दिसणारी. नावांच्या या गुंत्यात मी रमलो आणि टाकीच्या तळाशी टोकदार खडी तशीच राहू दिली. वाम अंग पुरून राहणारी. खडीत शिरताना तिची कातडी सोलवटली. कोरड्या खाद्याला तर तिने तोंडही लावले नाही.

आई म्हणाली, “अरे, तिला वाळू दे. अन् अंधार पडल्यावर गांडूळ टाक.”

बारीक वाळू घातली. तिसऱ्या रात्री, दिवा मालवल्यावर, सोंडेसारखे निमुळते तोंड हळूच वर आले.

आठ महिने ती राहिली. मग एका सकाळी, नळीसाठी झाकणात ठेवलेल्या फटीतून निसटलेली, फरशीवर कोरडी पडलेली आढळली. फट मीच ठेवली होती. आईला हे सांगायला मला दोन दिवस लागले.