दोन शहाळी



गेल्या उपवासकाळात मी इथे काहीच लिहिले नाही. दोघीतिघींनी मिस्सानंतर थांबवून विचारलेही. पण लिहायचे तर स्वतःची चूक सांगावी लागणार होती, आणि ज्यांच्या घरची ती गोष्ट, त्यांना विचारल्याशिवाय सांगणे बरे नव्हते. आता काकूच म्हणाल्या, "लिहा की, त्यात काय!" म्हणून लिहिते.

आमच्या चर्चमध्ये आजाऱ्यांना भेटायला जाणारा सहासात जणांचा गट आहे. रविवारी मिस्सा झाला की आम्ही दोघेदोघे निघतो. आजाऱ्याला ख्रिस्तप्रसाद द्यायचा, प्रार्थना करायची, घटकाभर बसायचे. बेळगावात आजाऱ्याला बघायला कोणी रिकाम्या हाताने जात नाही. बिस्किटांचा पुडा, मोसंबी, आणि ऊन तापले असेल तर शहाळे. शहाळ्यात वाईट काही असू शकते हे मला कोणी सांगितले असते तर मी हसले असते.

काका आयुष्यभर शिवणकाम केलेले. मधुमेहाने त्यांच्या किडन्या हळूहळू निकामी होत आल्या होत्या, पण डायलिसिस अजून सुरू नव्हते. पायांवर सूज आली, जिना चढताना दम लागू लागला, म्हणून त्यांना दवाखान्यात ठेवले. खाटेच्या उशाशी एक कागद चिकटवला होता : २४ तासांत एकूण एक लिटर. बाजूला एक वही टांगलेली. किती आत गेले, किती बाहेर आले, सगळे वेळेसह लिहायचे.

मी गेले तेव्हा दुपार होती. काकांचे ओठ फुटले होते. "ताई, घसा नुसता वाळून गेलाय. पाणी मागितलं की कपभर देतात," असे म्हणून त्यांनी माझ्याकडे जे पाहिले, ते मी विसरणार नाही. आदल्याच शुक्रवारी आम्ही क्रुसाच्या वाटेची भक्ती केली होती. क्रुसावरच्या प्रभूच्या तहानेवर मीच तिथे चार शब्द बोलले होते. कागद मला दिसत होता. तरी मनाने पळवाट काढली : लिहिलेय ते पाण्याबद्दल, शहाळ्याचे कुठे लिहिलेय? खाली जाऊन दोन शहाळी आणली. एक तिथेच पाजले, दुसरे संध्याकाळसाठी काकूंकडे दिले. वहीत काही लिहिले नाही. काकूही गप्प राहिल्या. पुढचे दोन दिवस त्यांनी माझ्याच धाकट्या भावाकडून रोज दोन मागवली. मीच ते पैसे दिले होते.

बुधवारी सकाळी काकांना उठून बसता येईना. पाय कापसासारखे झाले, नाडी मंद. सिस्टरांनी (वॉर्डातल्या नर्स, मठातल्या नव्हेत) आधी हृदयाचा आलेख काढला आणि मग रक्त पाठवले. पोटॅशियम ७.१ आले. ते ३.५ ते ५ च्या दरम्यान असावे लागते. पोटॅशियम आपल्याला हवेच असते. त्यातले जवळजवळ सगळे पेशींच्या आत असते, रक्तात थोडेसेच. जास्तीचे किडनी लघवीवाटे काढून टाकते. किडनीच थकली तर ते रक्तात साचते आणि हृदयाचा ठेका बिघडवते. कधी कधी फारशी पूर्वसूचनाही न देता हृदय थांबते. शहाळ्याच्या पाण्याच्या एका मोठ्या पेल्यात साधारण सहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम जाते. शिवाय काकांची रक्तदाबाची एक गोळी पोटॅशियम धरून ठेवणारी होती, आणि घरी काकूंनी "लो सोडियम" मीठ आणलेले. त्यात सोडियमच्या जागी बरेचसे पोटॅशियमच असते हे पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेले होते. काकूंना चष्म्याशिवाय वाचता येत नाही.

पुढचा तासभर मी कॉरिडॉरमधल्या बाकावर होते. आत काय चालले होते ते मला नंतर कळले. आधी कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून हळूहळू दिले. त्याने पोटॅशियम उतरत नाही, हृदयाला तेवढ्यापुरते संरक्षण मिळते. मग इन्सुलिन आणि सोबत ग्लुकोज, म्हणजे पोटॅशियम काही तासांसाठी पेशींमध्ये परत ढकलले जाते. इन्सुलिनने साखर फार उतरू नये म्हणून सिस्टर तासातासाला बोटाला सुई टोचून पाहत होत्या. एवढे सगळे करून पोटॅशियम शरीरातच राहते. ते बाहेर काढायला संध्याकाळी डायलिसिस केले. काकांचे पहिले डायलिसिस.

डॉक्टरांनी काकूंना विचारले, "बाहेरचं काही दिलंत का?" काकूंनी माझ्याकडे पाहिले नाही. "नाही" म्हणाल्या. मला वाचवायला एक बाई आपल्या नवऱ्याच्या खाटेशी खोटे बोलत होती. मी उठले आणि सांगितले. डॉक्टर रागावले नाहीत. सिस्टर मात्र रागावल्या, आणि रागावायलाच हव्या होत्या. "तुम्ही प्रार्थना करायला येता ना? मग कागद वाचत जावा की!"

दुसऱ्या दिवशी मी परत गेले. खरे तर तोंड दाखवायची लाज वाटत होती. सिस्टरांनी मला हाकलले नाही, कामाला लावले. त्या आठवड्यात मी जे शिकले ते कोणत्याही प्रवचनात ऐकले नव्हते.

पाणी म्हणजे फक्त ग्लासातले पाणी नव्हे. चहा, आमटी, पेज, ताक, गोळी गिळतानाचा घोट, सलाईन, सगळे आत जाणारे. बर्फसुद्धा मोजायचा : शंभर मिली बर्फाचे पाणी साधारण पन्नास मिली होते. बाहेर येणारे म्हणजे लघवी, उलटी, जुलाब. लघवी खुणा केलेल्या भांड्यात घेऊन आकडा वाचायचा, "बरीच झाली" असे लिहायचे नाही. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर, तसल्याच कपड्यांत वजन. एका रात्रीत एक किलो वाढले तर ती चरबी नसते, सुमारे लिटरभर पाणी अंगात अडकलेले असते. नडगीवर अंगठा दाबून खड्डा किती वेळ राहतो ते पाहायचे. आणि सगळ्यात मोलाचे म्हणजे माणूस बोलतो कसा ते पाहायचे. कारण सोडियम उतरले की आधी बोलण्यात गोंधळ येतो, आणि घरचे म्हणतात "म्हातारपण आहे." ते सोडियमही घाईने वर आणायचे नसते, फार दिवस खाली राहिलेले झटकन वाढवले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. पोटॅशियमचे इंजेक्शन तर शिरेत सरळ कधीच ढकलायचे नाही. ते पातळ करून, सावकाश, मोजून द्यायचे. मी एक मीठ वाढणारी बाई, मला हे सगळे नवीन होते.

आणि तहान? मी तेच विचारले. माणसाला तहानलेले ठेवायचे तरी कसे? सिस्टरांनी काकांना चूळ भरायला पाणी दिले, "गिळू नका हं" असे दोनदा बजावून. ओल्या कापसाने ओठ, जीभ, हिरड्या पुसल्या. मोठा ग्लास उचलून नेला आणि छोटा कप ठेवला. दिवसाच्या एक लिटरची वाटणी काकांनाच करायला लावली. हे त्यांना आवडले. "माप घ्यायचं काम आहे, मला सांगा की," म्हणाले. सिस्टरांच्या हातातला तो ओला कापूस पाहून मला क्रुसाखालचा तो स्पंज आठवला. इतकी वर्षे त्या स्पंजाकडे मी फक्त छळ म्हणूनच पाहत आले होते.

याच्या अगदी उलटी गोष्ट पावसाळ्याच्या तोंडावर घडली. खानापूरकडच्या एका घरात लेकराला जुलाब लागले होते आणि आजी म्हणत होती, पाणी पाजले की जास्त होते. तिथे मात्र मी ठाण मांडून बसले. ओआरएसचे पाकीट आईने एका ग्लासात ओतले होते. ते एक लिटर पाण्याचे असते. घट्ट केले तर बाळाच्या अंगातले मीठ वाढून उलट जास्त त्रास होतो. ते ओतून दिले, पाणी मापून नवे केले, चमच्याने दर मिनिटाला थोडे. ग्लुकोज आतड्यातून आत जाताना सोडियमला सोबत नेते आणि त्यांच्यामागून पाणी जाते, एवढीच त्यातली किमया. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराच्या रुग्णांना सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठसाखरेचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि पाजायचे काम नातेवाइकांकडेच दिले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. हे वाचताना मला त्या नातेवाइकांबद्दल फार वाटले. त्यांना कोणीतरी माप नीट समजावून सांगितले असणार.

काका ईस्टरच्या आधी घरी आले. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस असते. भाज्या चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी टाकून देतात; चव जाते म्हणून काका रोज कुरकुर करतात. नेहमीचे मीठ परत आले आहे, पण चिमटीने. मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा माफी मागितली. काकू काही बोलेनात. काकाच म्हणाले, "शहाळं गोड होतं पण, ताई."

दर रविवारी मी त्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला जाते. तोंड कोरडे असल्याने तो नुसता गिळता येत नाही, वर घोटभर पाणी लागते. काकू मापाच्या छोट्या कपात काढून देतात. मग प्रार्थना होते. ती संपली की मी खुंटीवरची वही घेते आणि लिहिते : ९.४०, पाणी, २० मिली.