खिशातली पिन

घरच्या घरी मोटारसायकल दुरुस्त करण्याची हौस माझी नव्हे. ती माझ्या निंबर्ग्याच्या मित्राची. त्याच्या वडिलांची हीरो होंडा सीडी १०० अजून त्याच्या पडवीत उभी असते. पेट्रोल भरावे, झाकण लावावे आणि विसरून जावे, अशा अर्थाची त्या गाडीची जाहिरात एके काळी तोंडोतोंडी होती. त्यातले विसरणे पुढे माझ्याच वाट्याला यायचे होते.

वडील वारल्यावर गाडी मित्राच्या नावावर करून देण्याचे काम मी केले. मोटार वाहन कायदा, १९८८ यातले कलम ५० मला ठाऊक. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची आणि पुढे नूतनीकरण, हेही ठाऊक. पण गाडीचे चाक कसे निघते, हे मात्र चाळिशी उलटली तरी ठाऊक नव्हते.

गेल्या मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी, मी सहज त्याच्याकडे गेलो. शिवारात तूर पिकत आली होती. तो मागचे चाक काढून बसला होता. ब्रेकचे लायनर झिजले होते आणि पहाटे आईला घेऊन गाणगापूरला जायचे होते. ‘‘वकील, कोट काढ आणि बस,’’ तो म्हणाला. मी बसलो. ड्रममधली काळी भुकटी पुसली, पॉलिश पेपर फिरवला. सुटा झालेला प्रत्येक भाग तो क्रमाने परातीत मांडत होता; ही त्याच्या वडिलांची शिस्त. नवे लायनर बसले, चाक चढले, साखळीचा ताण बोटाने पाहून झाला. ब्रेकची तबकडी जागच्या जागी धरून ठेवणारी एक लोखंडी पट्टी असते. तिचा नट आवळून त्यात स्प्लिट पिन घालण्याचे शेवटचे काम मोठ्या विश्वासाने माझ्याकडे आले. नट मी आवळला. तेवढ्यात एका अशिलाचा फोन आला, मागून चहा आला, आणि अंधार पडायच्या आत मी कलबुर्गीला निघालो.

रात्री खिसा रिकामा करताना सुट्या नाण्यांबरोबर पिन टेबलावर पडली.

आवळलेला नट लगेच सुटत नाही, हे मी स्वतःला समजावले. पण खडबडीत रस्त्यावर तो हळूहळू सैल होतो. ती पट्टी निसटली, तर ब्रेक दाबताच तबकडी चाकाबरोबर फिरू पाहते आणि चाक जागीच जखडू शकते. १९३२ सालचा डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन हा विलायती निवाडा आम्हां वकिलांना विद्यार्थिदशेपासून पाठ असतो. पेस्ली गावात एका बाईला स्नेह्याने घेऊन दिलेल्या जिंजर बिअरच्या बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाली, अशी तक्रार होती. बाटली भरणाऱ्याशी त्या बाईचा कसलाही करार नव्हता. तरीही ती त्याची ‘शेजारी’ ठरते आणि तिची काळजी घेणे त्याचे कर्तव्य आहे, असे लॉर्ड अ‍ॅट्किन यांनी सांगितले. या निवाड्यावर मी न्यायालयात तासन्‌तास बोललो आहे. त्या रात्री ‘शेजारी’ म्हणजे मागच्या आसनावर मुलाचा खांदा धरून बसलेली सत्तरीची म्हातारी होती.

मित्राचा फोन बंद. पहाटे मी गाडी काढली. निंबर्ग्याला पोहोचलो, तो पडवी रिकामी. दोघे चारलाच निघाले होते. तिथून गाणगापूरपर्यंत रस्त्याकडेला जमलेले प्रत्येक टोळके पाहून माझ्या पोटात गोळा उठत होता. एरवी मी नवस वगैरे बोलत नाही.

गाडी देवळाच्या वाटेवर उभी दिसली. भर गर्दीत मी मागच्या चाकापाशी उकिडवा बसलो. नटाच्या भोकातून तांब्याची तार ओवून तिला नीट पीळ दिला होता.

‘‘रात्री परात आवरताना पिन कुठेच दिसली नाही,’’ मागून आवाज आला. ‘‘मग नट पाहिला.’’

‘‘अरे, मग फोन का केला नाहीस?’’

‘‘तुला झोप लागली नसती.’’

आई पादुकांचे दर्शन घेऊन सावकाश येत होत्या. मित्राने माझ्यापुढे हात पसरला. ‘‘आण ती पिन,’’ तो म्हणाला. ‘‘आणि या वेळी तूच घाल.’’