मुखपृष्ठासकट

आमच्या घरात मासिकं तीन वाटांनी आली. दादा, म्हणजे माझे सासरे, हायस्कूलला मराठी शिकवायचे. त्यांची 'सत्यकथा', 'साधना', 'ललित' आणि दरवर्षीचे दिवाळी अंक. आईंची 'स्त्री', 'किर्लोस्कर', 'मेनका', 'माहेर'. आमच्या ह्यांचे लहानपणचे 'चांदोबा' नि 'किशोर', शिवाय डाळिंब लावल्यापासून जमलेली 'शेतकरी' मासिकं आणि राहुरी विद्यापीठाच्या 'कृषिदर्शनी'ची चळत. माझी भर त्या मानाने थोडी: 'मिळून साऱ्याजणी'चे अंक आणि श्रीरामपूरहून निघणाऱ्या 'शब्दालय'चे दिवाळी अंक. हे सगळं माळ्यावर, पत्र्याच्या पेट्यांत, दिवाणाखाली आणि थोडं चक्क देवघराच्या कोनाड्यात होतं. घर माळवदाचं होतं तोवर कुणाला त्याचं काही वाटलं नाही. माळवद उतरवून स्लॅब टाकायचं ठरलं आणि सगळंच्या सगळं ओसरीवर आलं.

ओसरीवर ढीग दिसला की कोल्हारमध्ये रद्दीवाल्याला निरोप द्यावा लागत नाही. "वहिनी, सगळं मिळून एकच भाव, निवडत बसू नका," असं म्हणून त्याने काटा टेकवलासुद्धा. आई आतून म्हणाल्या, "आधी तो काटा उचल, मग बोल." दादा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्यांच्या मागे या कागदांना कुणी हात लावायचा, हा प्रश्न आईंनी त्या एका वाक्यात निकाली काढला. काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण मी पतसंस्थेत हिशेब लिहिते आणि घरात वही नीट ठेवणारी मी एकटीच.

जवळच्या एका नातेवाइकांचा सल्ला होता की सगळं बाइंडिंग करून टाका, वर्षाचा एक खंड, कपाटात कसं शोभून दिसेल. तसे काही खंड आमच्याकडे होतेच. दादांनी 'सत्यकथे'ची काही वर्षं बांधून घेतलेली होती. पाठीवर सोनेरी अक्षरं, कोपऱ्यांना कापड. त्यातला एक उघडून पाहिला. मुखपृष्ठं नाहीत, जाहिराती नाहीत, अनुक्रमणिका फक्त पहिल्या अंकाची. कडा सारख्या करायला बाइंडरने कटिंग मारलेलं, त्यात दादांनी समासात पेन्सिलीने लिहिलेल्या टिपांची शेवटची अक्षरं उडालेली. बाइंडरचा यात दोष नाही. 'वाचण्यासारखं तेवढं ठेवा', अशीच तेव्हा सगळीकडे पद्धत होती. पण 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडली. आता तिच्या कथा पुस्तकांतून, संग्रहांतून कशाही मिळतील. मुखपृष्ठावर त्या महिन्यात कुणाचं रेखाटन होतं आणि मागच्या पानावर कुठल्या पुस्तकाची जाहिरात होती, ते मात्र त्या अंकाबरोबर गेलं ते गेलं. म्हणून मी ठरवलं, एकही अंक बांधायचा नाही. जसा आला तसा, मुखपृष्ठासकट ठेवायचा.

ठेवायचा, पण कोल्हारात. आमच्या भागात पाऊस बेताचा, त्यामुळे बाहेरच्या माणसाला वाटतं की कागद इथे कोरडा राहत असेल. पण भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं आणि कालव्यांनी प्रवरेकाठचा पट्टा बारमाही भिजता केला. काळी जमीन, चौफेर ऊस, पाण्याची पातळी वर. ओल छतातून येत नाही, जोत्यातून भिंतीत चढते. पेट्या भिंतीला टेकून होत्या, त्यांचे तळ गंजले होते आणि तळाचे अंक एकमेकांना धरून बसले होते. दुसरा त्रास पाचटाचा. ऊस तुटून गेला की रानात पाचट पेटवतात. संध्याकाळी काजळीच्या काळ्या चिंधोट्या उडत येऊन खिडकीतून थेट अंथरुणावर. कागदावर पडलेली चिंधोटी बोटाने पुसायला गेलं की लांबलचक काळी रेघ. ती फुंकर मारून किंवा मऊ कुंचल्याने उडवायची, बोट लावायचं नाही. त्यात नगर-मनमाड रस्त्याची धूळ आहेच.

शत्रू घरातलेही होते. चांदीसारखी चकाकणारी कसर पानांपेक्षा पाठीवरची खळ आधी खाते. त्यामुळे जाड दिवाळी अंकांचे कणे भुसभुशीत झाले होते, आतली गोष्ट मात्र शाबूत. 'चांदोबा'च्या पिना गंजून त्यांच्याभोवती तांबूस गोल उठले होते. त्या पिना एक बोथट सुरी घेऊन पाठीमागून उलगडायच्या, वर ओढायच्या नाहीत. ओढलं की मधलं जोडपान फाटतं, आणि 'चांदोबा'त नेमकं तिथेच चित्र असतं. पिना काढून पांढऱ्या सुती दोऱ्याचे दोन टाके घातले की झालं. हे काम आईंनी उन्हाळ्याच्या दुपारी केलं. चष्मा नाकावर, मांडीवर अंक, आणि मधूनच शिवणं थांबवून विक्रम-वेताळ वाचत बसायच्या.

दादांना वर्तमानपत्रातली कात्रणं अंकात घालून ठेवायची सवय होती. वर्तमानपत्राचा कागद हलका, त्यात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं, त्याचं हळूहळू आम्ल होतं. कात्रण जितकं मोठं, तितका शेजारच्या पानावर तपकिरी चौकोन. एका लेखकाच्या मृत्यूची बातमी त्याच्याच कथेवर अशी डाग होऊन बसली होती. कात्रणं काढून वेगळ्या फायलीत घातली. कुठल्या अंकातून निघालं ते पेन्सिलीने मागे लिहिलं. बॉलपेनने नाही, शाई उतरते.

रॅक लोखंडी अँगलचे घेतले आणि भिंतीपासून वीतभर पुढे ओढून उभे केले. वाळवी लोखंड खात नाही, पण भिंतीवरून मातीच्या नळ्या बांधत कुठेही पोचते. मधे मोकळी जागा असली की नळी डोळ्यांना दिसते तरी. सगळ्यात खालचा कप्पा रिकामाच ठेवला. खोक्यांसाठी ह्यांनी डाळिंबाच्या पॅकिंगची खोकी आणून दिली. कोरी, घडी न मोडलेली, कारण फळं भरून झालेल्या खोक्याला गोड डाग असतात आणि मुंग्या त्याच्या मागे येतात. खोकं लहान असावं हा माझा हट्ट. दिवाळी अंक अर्धा-अर्धा किलोचे असतात. शंभर अंक म्हणजे डाळिंबाच्या क्रेटपेक्षा जड काम, आणि जे खोकं एकटीला उचलत नाही ते पुन्हा कधी उघडलं जात नाही. डांबरगोळ्या घातल्या नाहीत. बंद खोलीत त्यांच्या वासाने डोकं उठतं आणि आईंना दम्याचा त्रास. जुन्या पोथ्यांत ठेवतात तसं वेखंड कपड्यात बांधून ठेवलं. त्याने कसर मरते असं मी म्हणणार नाही, पण घरात सगळ्यांचं समाधान झालं.

कसर लागलेल्या अंकांचं काय करायचं, याचा उपाय मात्र खरा निघाला. उणे अठरा-वीस अंशांत आठ-पंधरा दिवस ठेवलं की किडे आणि अंडी दोन्ही मरतात. ग्रंथालयंही हेच करतात. घरच्या फ्रीजच्या खणात 'दीपावली'चे दोन अंकही मावेनात. हायवेवर ओळखीच्यांचं आइसक्रीमचं दुकान आहे, त्यांचा डीप फ्रीजर थंडीत अर्धा रिकामा असतो. प्रत्येक अंक प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून आम्ही तिथे नेऊन ठेवले. पिस्ता कुल्फीच्या शेजारी 'मोहिनी' आणि 'हंस'. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. अंक खोलीच्या उष्णतेला येईपर्यंत थांबायचं, नाहीतर पाणी सुटून सगळी मेहनत वाया. दुकानातला मुलगा रोज विचारायचा, "काकू, आज कुणाला बाहेर काढायचं?"

आकाराचं भांडण वेगळं. 'अमृत' हातात मावेल एवढा, 'किशोर' मोठा, दिवाळी अंक जाड. एकत्र उभे केले की लहान अंक मोठ्यांच्या मागे जाऊन बसतात. उभे ठेवले की पातळ अंक वाकतात, आडवे ठेवले की खालचा काढायला वरचे सगळे उतरवा. मी पातळ ते आडवे आणि बोटभर जाड ते उभे, असं केलं. 'आवाज'ला मात्र स्वतंत्र खोकं. मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेल्या या अंकाची सगळी गंमत त्या खिडकीचित्रांत. खिडकीची कापलेली कड शेजारच्या पानात अडकली की चित्रातली बाई कमरेत फाटते. प्रत्येक खिडकीत पातळ कोरा कागद सरकवला. ते करताना ह्यांनी प्रत्येक खिडकी उघडून पाहिलीच पाहिजे का, हा प्रश्न मी विचारला नाही.

टाकलं काहीच नाही असं नाही. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत, म्हणून आमच्याकडे दुहेरी झालेले अंक शाळेला दिले. तिथे ते फाटतील, पण वाचून फाटतील. कागदावरच राहिलेलं जे आहे, त्याला जागा आधी.

मग वही. पतसंस्थेच्या सवयीने दोन केल्या. किर्द खोक्याप्रमाणे: या खोक्यात अमुक ते अमुक. खतावणी नावाप्रमाणे: मासिक, वर्ष, महिना, खोका क्रमांक, शेरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा जोडअंक असला की दोन महिन्यांची एकच नोंद, नाहीतर पुढे नोव्हेंबर हरवला म्हणून शोधत बसायचं. दिवाळी अंकांचं पान वेगळं. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून या अंकांनी महिन्यांचा हिशेब मानलेलाच नाही. आमच्या जिल्ह्याला नियतकालिकांचं वावडं नाही. 'ज्ञानोदय' १८४२ साली नगरला सुरू झालं आणि शिर्डीची 'साईलीला' १९२३ पासूनची. 'साईलीला'चे काही अंक आमच्या देवघरात होते. ते आईंनी खतावणीत घेऊ दिले, पण कोनाड्यातून हलवू दिले नाहीत. शेऱ्यात लिहिलं: 'देवापाशी'.

खतावणी पुरी झाली तेव्हा मला वाटलं, आता काहीही मागा, काढून देते. मग नदीपलीकडून, कोल्हार खुर्दहून, एक निवृत्त गृहस्थ आले. त्यांच्या आईचं पत्र खूप पूर्वी एका मासिकात छापून आलं होतं. मासिकाचं नाव आठवत नाही, साल माहीत नाही, पण तो अंक आमच्या आईंनीच त्यांना दाखवला होता एवढं नक्की. खतावणीत वाचकांच्या पत्रांची नोंद कशी असणार? मी हात टेकले होते. आई म्हणाल्या, "दुष्काळ होता तवाचं. ती खडी फोडायला जायची. मुखपृष्ठावर घागर घेतलेली बाई, निळं लुगडं. आन् मागं शिलाई मशीनची जाहिरात, लाल."

दुष्काळ म्हणजे १९७२. खतावणीवरून एकाहत्तर ते त्र्याहत्तरची खोकी काढली. आतलं एक अक्षर वाचायची गरज पडली नाही. मुखपृष्ठ बघायचं, उलटं करून मागचं पान बघायचं, बाजूला ठेवायचं. निळं लुगडं सापडलं. मागे मशीन होती, फक्त लाल नव्हती, हिरवी. पत्र सहा ओळींचं, खाली नाव आणि 'कोल्हार, जि. अहमदनगर'. तुमच्या कथांमधल्या बायका कधी पाण्याला जातच नाहीत का, असा संपादकांना सवाल. ते गृहस्थ ओट्यावर बसून वाचत होते. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, पान कापून नेऊ का. आई म्हणाल्या, "फोटो काढ. इथं बसून हवं तितकं वाच. अंक जायचा नाही." त्यांनी पानाचा फोटो काढला, मुखपृष्ठाचा काढला, आणि न सांगता मागच्या मशीनचाही काढला.

तेव्हापासून शेऱ्याच्या रकान्यात मुखपृष्ठाचं वर्णन आणि मागची जाहिरात लिहायला सुरुवात केली आहे. मुलगी मोबाइलवर फोटो काढून क्रमांक देते, मी लिहिते. काम अर्ध्यावर आहे. आई दुपारी शेजारी बसतात आणि मला विचारल्याशिवाय शेऱ्यात भर घालतात: 'हा अंक ताईच्या बाळंतपणात', 'यातली शंकरपाळी बिघडली'. कुणी अभ्यासक उद्या आला तर त्याला त्याचं काय करायचं ते तो बघेल.

या दिवाळीला नवे अंक आले की वरचा कप्पा भरणार. ह्यांचं म्हणणं, जुन्या 'कृषिदर्शनी' काढून टाक, त्यातली शिफारस केलेली वाणं आता कुणी लावत नाही, औषधांची मात्राही बदलली. मी म्हटलं, माहितीचं पान काढा, पण त्यातल्या फवारणी पंपांच्या आणि बियाण्यांच्या जाहिरातींचा निकाल आधी लावू द्या. त्यावर त्यांनी एक 'कृषिदर्शनी' उचलली आणि तासभर उभ्यानेच चाळत राहिले. कप्प्याचं अजून ठरलेलं नाही.