वॉशिंग्टनचीं तीस चित्रें

वॉशिंग्टन शहरीं जाणारे आपले लोक शुभ्र घुमट व लिंकनचें स्मारक पाहून परततात. ड्यूपाँ सर्कलजवळ एका जुन्या विटांच्या घरांत १९२१ सालीं उघडलेलें फिलिप्स कलेक्शन हें चित्रसंग्रहालय आहे. तिकडे वळणारा विरळा. मुलाकडे गेलों असतां आम्ही तेथें गेलों, तें जेकब लॉरेन्स या कृष्णवर्णी चित्रकारासाठीं.

१९१६ च्या सुमारापासून अमेरिकेच्या दक्षिणेंतील लक्षावधि कृष्णवर्णी लोक दारिद्र्य व वर्णद्वेष यांस कंटाळून उत्तरेच्या शहरांकडे निघाले. ती कथा लॉरेन्स यानें १९४०-४१ मध्यें साठ लहान फलकांवर रंगविली. वय अवघें तेवीस! सर्व फलक एकत्र मांडून एकेक रंग क्रमानें सर्वांवर भरावयाचा, म्हणजे छटा शेवटपर्यंत एक राहते, ही त्याची युक्ति. १९४२ मध्यें विषम अंकांचे फलक फिलिप्स यांनीं घेतले, सम अंकांचे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानें. भाऊ वेगळे होतांना भांडीं वांटून घेतात, तसेंच हें झालें.

पंधराव्या फलकांत ओकी फांदी, तिला रिकामा फांस, खालीं अंग चोरून बसलेली एक आकृति. जमावानें माणसास फांशीं दिल्याचें हें चित्र. त्यांत प्रेत मात्र कोठेंच नाहीं.

आम्ही खिळून राहिलों तें एकोणपन्नासाव्यापुढें. प्रसंग उत्तरेंतला, जेथें सुटका होईल म्हणून हे लोक आले. भोजनगृहांत मेजें मांडलेलीं. मधून पिवळी दोरी वांकडीतिकडी गेलेली. एका अंगास गौरवर्णी, दुसऱ्या अंगास कृष्णवर्णी. मारामारी नाहीं, आरडाओरड नाहीं. जेवण चाललें आहे.

तेथें एका शाळेचीं मुलें आलीं होतीं. एकानें विचारलें, "ही दोरी कोणी सोडीत कां नाहीं?" बाईंनीं उत्तर न देतां तोच प्रश्न वर्गास घातला. अध्यापनाची ही रीत आम्हांस फार आवडली.

पंक्तिप्रपंच हा शब्द ज्यांच्या भाषेंत आहे, त्यांस या चित्राचा अर्थ निराळा सांगावा लागत नाहीं. कामाच्या बाईची कपबशी मोरीजवळच्या फळीवर वेगळी ठेवणारीं सुशिक्षित घरें आम्हांस आजहि ठाऊक आहेत. तेथें दोरी दिसत नाहीं, इतकेंच. कोणी वाचक रागावतील; रागावोत.

पुढें न्यूयॉर्कला अठ्ठावन्नावा फलक पाहिला. तीन मुली फळ्यावर आंकडे लिहीत आहेत. आम्ही जन्मभर फळ्यापाशीं उभे राहिलेले. त्यांचे उंचावलेले हात पाहत बराच वेळ तेथेंच थांबलों.