गॅप उघडायचे दहा

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी जीवाणूंच्या तीन नव्या प्रजाती शोधल्या होत्या. निदान चार दिवस तरी.

मातीतून वेगळे केलेले बारा जीवाणू. सोळा-एस हे जनुक साधारण दीड हजार अक्षरांचं. प्रत्येकाचं ते वाचून आलं होतं. सगळे क्रम क्लस्टल या जुळवणीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले, वंशवृक्ष काढला. नऊ एका बाजूला आणि तीन पार लांबच्या फांदीवर! पेपरचं शीर्षकसुद्धा मी ठरवून टाकलं.

ताईला दाखवायला गेलो. लॅबमध्ये ती सगळ्यांत सीनिअर, स्वतःच्या थीसिसमध्ये मान खुपसून बसलेली. तिने वंशवृक्षाकडे पाहिलंच नाही. ‘अलाइनमेंट उघड,’ म्हणाली. बराच वेळ खाली सरकत गेली आणि मग विचारलं, ‘चांदण्या कुठायत रे?’

ज्या रकान्यात सगळ्यांचं अक्षर एकच, त्याच्याखाली क्लस्टल चांदणी छापतं. सोळा-एसचे काही भाग जीवाणूंमध्ये फारसे बदलतच नाहीत. तिथे चांदण्यांची रांग लागायला हवी. माझ्याकडे अमावस्या.

ते तीन नमुने उलट दिशेच्या प्रायमरने वाचलेले होते. असा क्रम उलटा फिरवून ‘ए’च्या जागी ‘टी’, ‘जी’च्या जागी ‘सी’ अशी जोडीदार अक्षरं घालावी लागतात. तेच मी विसरलो होतो. सॉफ्टवेअर कुरकुरलं नाही. दिलं ते जुळवायचं एवढंच त्याला ठाऊक. परक्यांनाही ते डॅश, म्हणजे गॅप, घालघालून शेजारी बसवतं.

ताई हसली नाही. तिने चौकटींची वही काढली, शाळेत गणिताला असते तसली, आणि नीडलमन-वुन्श यांची 1970 सालची क्रम जुळवायची रीत मला हाताने करायला लावली. एक क्रम आडवा, एक उभा. जुळलं तर अधिक 1, नाही तर उणे 1, गॅपला उणे 2. चौकटीत यायला वाटा तीन: तिरकी, वरून, डावीकडून. सर्वांत मोठा आकडा ठेवायचा आणि शेवटच्या कोपऱ्यातून माग काढत परत यायचं. सात-सात अक्षरांतच घाम फुटला. कॅन्टीन बंद झालं होतं. तिच्या डब्यातली अर्धी पोळी-भाजी मी खाल्ली. तिचं प्रकरण त्या रात्री तिथेच राहिलं.

गॅपचा खरा भाव तिने निघताना सांगितला. एम्बॉस संचातल्या ‘नीडल’ प्रोग्राममध्ये मुळातच तो लावलेला असतो: गॅप उघडायला 10, वाढवायला अक्षरामागे फक्त 0.5. कारण तुकडा गळतो तो बहुधा एका दणक्यात. मग अक्षर एक गेलं काय नि नऊ गेली काय.

तीन वर्षांनी माझा थीसिस तिला पाठवला. आभाराच्या पानावर तिचं नाव पहिलं होतं. संध्याकाळी फोन आला.

‘आडनावात एक अक्षर गाळलंस. गॅप उघडलास, 10 कापले.’