चेष्टा आणि कुचेष्टा

आपल्या मराठीने हसण्याच्या किती पायऱ्या मोजून ठेवल्या आहेत! थट्टा, चेष्टा, मस्करी ही एका ओसरीवर बसणारी मंडळी. कुचेष्टा, टवाळी, हेटाळणी यांची बैठक निराळी. आणि त्यांच्याही पलीकडे छळ. थट्टेत ज्याची थट्टा होते तोही हसतो. कुचेष्टेत तो एक सोडून बाकी सारे हसतात. शाळेतील वागणुकीविषयी परिपत्रके पुष्कळ निघतात. परंतु एवढी एक खूण ध्यानात ठेवली तरी शिक्षकाचे निम्मे काम होते, असे तीस वर्षांच्या अध्यापनानंतर मला वाटते. मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच केलेली नाही.

वडोदऱ्यातील एका शाळेत मी शिकवीत असताना सातवीत एक अडखळत बोलणारा मुलगा होता. हजेरीच्या वेळी त्याची जीभ पहिल्याच अक्षरावर अडे आणि तेच अक्षर मागच्या बाकावरून चार तोंडांतून उमटे. वर्ग हसे. पुढे तो हजेरी संपल्यावरच वर्गात येऊ लागला आणि उशिरा आल्याबद्दल बोलणी खाऊ लागला. एके दिवशी त्याची आई आली. म्हणाली, “शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखते म्हणतो. रविवारी मात्र कधी दुखत नाही.”

आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी तेवढ्यावरून सारे ओळखले. त्यांनी मुलांना समोरासमोर उभे करून ‘मिळवा हात’ असे म्हटले नाही. तसे केल्याने छळणारा स्वस्तात सुटतो आणि छळ सोसणाऱ्याची पुन्हा एकदा शोभा होते. त्या मुलाला एकट्याला बसवून त्यांनी सारे ऐकून घेतले. ‘तू लक्ष देऊ नकोस’ हा फुकटचा उपदेश केला नाही. त्या चौघांना निरनिराळे बोलावले, त्यांच्या पालकांना कळविले आणि घडले ते तारखेसह वहीत लिहून ठेवले. हजेरीला आवाज न देता हात वर करण्याची पद्धत साऱ्याच वर्गांना लावली. मग सातवीत येऊन, कोणाचेही नाव न घेता, त्यांनी एकच प्रश्न विचारला: “ज्यांना हसू येत नव्हते, ते गप्प का बसले?” वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. त्यानंतर मधल्या सुटीत बाई स्वतः पाण्याच्या टाकीपाशी नाही तर मागच्या जिन्यात दिसू लागल्या. कारण वर्गात दडपलेली गोष्ट तिथेच डोके वर काढते. महिन्याभराने शेजारच्या बाकावरचा एक मुलगा त्याच्याबरोबर डबा खाऊ लागला. अडखळणे गेले नाही, पोटदुखी गेली.

पाण्याच्या टाकीवरून आठवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसत. शिपायाने नळ सोडला तरच त्यांना पाणी मिळे. त्यांना उच्च शिक्षणासाठी परदेशी धाडणाऱ्या सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. तरीही १९१७ साली बाबासाहेब नोकरीसाठी या नगरीत आले, तेव्हा त्यांना राहायला कायमची जागा मिळाली नाही. कायदा मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणतो; बाकावर त्याला मान देणे हे शेजारी बसणाऱ्याच्या हाती असते.

म्हणून कायदा कमी मोलाचा, असे मात्र नव्हे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने, कलम १७ अन्वये, मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळताच ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. ‘शाळेची अब्रू जाईल’ ही सबब तिथे चालत नाही. संकटातील मुलासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो घरातील प्रत्येक मुलाला पाठ असावा. पूर्वी शाळा सुटली की छळही सुटत असे. आता तो मोबाइलमधून मुलाच्या अंथरुणापर्यंत येतो, म्हणून घरच्यांचेही काम वाढले आहे. ‘आज कोणी त्रास दिला का?’ असे विचारल्यास मूल ‘नाही’ म्हणते. ‘आज डबा कोणाबरोबर खाल्लास?’ असे विचारून पाहावे.

आणि मुले शिकतात ती आपल्या बोलण्यावरून. पिढ्यान्‌पिढ्या गुजरातेत राहून आपण गुजराती भाषेचा एक गोड संस्कार उचलला आहे. इथे शाळेतील शिपायालाही नावापुढे ‘भाई’ लावल्यावाचून हाक मारीत नाहीत आणि झाडलोट करणारी बाईही ‘बेन’च असते. ज्या शाळेतील गुरुजन पाणी भरणाऱ्याला ‘अरे ए’ म्हणत नाहीत, त्या शाळेतील मुलांना सभ्यतेचा धडा निराळा शिकवावा लागत नाही.