माशाखाली काय अंथरायचं?

आज पिकाचं नाही, तळ्याचं लिहितोय. शेततळ्यात मासे सोडलेल्यांनी जरूर वाचा.

आपलं तळं 30 बाय 30 मीटरचं, 500 मायक्रॉनचा कागद. रोहू, कटला, मृगळ मिळून 600 बोटुकली सोडली होती. दर पंधरवड्याला थोडे मासे काढून वजन घ्यावं लागतं, कारण खाद्य वजनावर ठरतं. सरासरी 300 ग्रॅम भरली तर 600 माशांचं 180 किलो, त्याच्या 2 टक्के म्हणजे दिवसाला 3 किलो 600 ग्रॅम कोंडा-पेंड. अंदाजाने जास्त टाकलं की तळाला सडतं अन् पाणी बिघडतं.

गेल्या जानेवारीत 30 मासे काढले. बांधावर कोरडं गोणपाट अंथरलं, त्यावर मासे ओतले, उन्हात एकेक करून काट्याला लावले. अर्धा तास गेला असेल. मासे उड्या मारत होते, आम्ही हसत होतो. आठ दिवसांनी अंगावर पांढरा कापूस चढलेले मासे वर यायला लागले. अकरा मेले. मत्स्य खात्यातल्या साहेबांना फोटो पाठवला तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "वजन कशावर घेतलं?" माशाच्या अंगावरचा चिकटा म्हणजे त्याचं चिलखत. तो गोणपाटाने पुसला, खवलं निघाली, थंडीत बुरशीने जागा धरली. रोग बाहेरून आला नव्हता, मीच दिला होता.

पुतण्या इंग्लंडमध्ये असतो, सेव्हर्न नदीच्या बाजूला. त्याला गळ टाकायचा नाद लागलाय. तिथं बार्बेल नावाचा मासा आहे, आपल्या रोहूच्याच घराण्यातला. तोंडाला चार मिशा, वाहत्या पाण्यात तळाला चरतो. सेव्हर्नमध्ये तो मूळचा नाही, 1956 साली केनेट नदीतून आणून सोडलेला. तिथली मंडळी हा मासा पकडतात, वजन करतात आन् परत सोडतात. खात नाहीत. त्याची अंडी तर विषारीच. आमची मंडळी म्हणाली, "मग पकडायचा कशाला?" याचं उत्तर पुतण्याकडं पण नव्हतं.

पण त्याची तयारी बघून मी गप्प झालो. गळ काढायला माशाखाली चक्क गादी! आत फोम, वरून गुळगुळीत कापड, कडा उचललेल्या, म्हणजे मासा घसरून दगडावर जात नाही. आधी गादी भिजवायची, हात ओले करायचे, मगच मासा पाण्याबाहेर. हा मासा गळाला लागला की दमेपर्यंत झुंजतो. म्हणून सोडताना तोंड प्रवाहाकडं करून पाण्यात धरून ठेवायचा, स्वतःहून निसटेपर्यंत. अन् पाठीवरच्या पंखाचा काटा करवतीसारखा असतो, जाळ्यात अडकतो, त्यामुळं साठवणीच्या जाळ्यात त्याला कोंबायचं नाही.

मग मी आपली गादी केली. सोफा शिवणाऱ्याकडून फोमचे तुकडे आणले. पोत्याचा प्लॅस्टिकचा कपडा लावून बघितला, तो खरबरीत. नुसता फोम चिकटा शोषतो. काळा मल्चिंग कागद गुळगुळीत, पण उन्हात तव्यासारखा तापतो. शेवटी फिकट रंगाचं रेक्झिन पसंत पडलं. चारी बाजूंनी वीतभर काठ, लांबी तीन फूट, कारण कटला वाढला की लहान गादी पुरत नाही. धुऊन, वाळवूनच ठेवायची. शेजाऱ्याने मागितली तर परत आल्यावर पुन्हा धुवायची, नाहीतर त्याच्या तळ्यातला रोग फुकट मिळतो. जाळंही बिनगाठीचं घेतलं.

राहिला आडोसा. पुतण्याकडं छत्रीसारखा हिरवा तंबू, पाण्याकडून उघडा, पाठ वाऱ्याला. बार्बेल संध्याकाळी-रात्री चरतो, म्हणून हा तिथं बसून राहतो. मी आधी बांधावर पत्र्याचं खोपटं घालणार होतो. पण पत्रा तापतो, अन् खांबाचे खड्डे कागदाजवळ घेणं म्हणजे तळ्याला भोक पाडायचं काम. खुंटी तर कागदावर कधीच ठोकू नका! मी चार पाइप वाळूच्या पोत्यांत उभे केले, वर 75 टक्क्यांचं हिरवं शेडनेट, पश्चिमेला जुनी ताडपत्री. सावली माझ्यासाठी नाही, गादीसाठी. मी उन्हात उभा राहीन. जवळच गाठी मारलेला दोर काठावरून पाण्यात सोडलाय. ओल्या कागदावरून पाय घसरला तर पोहणारा माणूस पण वर येऊ शकत नाही, हे विसरू नका.

आता सकाळी ऊन चढायच्या आत एका वेळी पाचच मासे काढतो, बाकीचे जाळ्यासकट पाण्यातच. ओल्या गादीवर ठेवून भिजलेल्या कापडी झोळीत वजन, लगेच पाण्यात. झोळीचं वजन आधी घेऊन वजा करायचं. या हिवाळ्यात चार वेळा वजन घेतलं, मेलेला एकही दिसला नाही. मागच्या आठवड्यात सरासरी 420 ग्रॅम. गादीचं माप कुणाला हवं असेल तर सांगा, सकाळी फोटो टाकतो.